ओट्याची लांबी आणि घराचं भाडं

नेदरलँड्समध्ये स्वयंपाकाच्या ओट्याची लांबी कायद्याने मोजली जाते. ओटा एक मीटरपेक्षा आखूड असला तर शून्य गुण, एक ते दोन मीटर असला तर ४, दोन मीटर किंवा त्याहून लांब असला तर ७. शॉवरला ४ गुण, बाथटबला ६, बेसिनला १, स्वतंत्र संडासाला ३. हिवाळ्यात गरम करता येणाऱ्या प्रत्येक खोलीमागे २. खोलीच्या दर चौरस मीटरला १. असं दारापासून माळ्यापर्यंत सगळं घर मोजत जायचं, गुणांची बेरीज करायची आणि सरकारी तक्त्यात त्या बेरजेसमोर कोणता आकडा आहे तो बघायचा. ठरावीक गुणांच्या आत बसणाऱ्या घराला त्या आकड्याहून एक युरोही जास्त भाडं लावायचा अधिकार घरमालकाला नाही.

घराची ही गुणपत्रिका १९७९ पासून त्या देशात चालू आहे. तिची कलमं जसजशी वाचत जावीत तसतसं आश्चर्य वाढत जातं. उतरत्या छपराखालचा माळा मोजताना दीड मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग धरायचाच नाही, कारण तिथे माणसाला वावरता येत नाही. माळ्यावर जायला पक्का जिना नसेल तर गुण कापायचे. ओट्यावर वाफ ओढणारी चिमणी बसवलेली असेल तर पाऊण गुण, इंडक्शनची शेगडी असेल तर पावणेदोन. एका हाताने गरम-थंड पाणी जुळवता येईल असा नळ असला तर पाव गुण. बाल्कनी किंवा अंगण असेल तर आधी २ गुण आणि मग दर चौरस मीटरला ०.३५. २०२४ च्या नव्या नियमांत ज्या घराला बाहेर पाऊल टाकायला इंचभरही जागा नाही, त्याचे ५ गुण कापायचे होते.

एखाद्या चौकोनी, साध्या घरावर हे करून बघू. समजा, १९६० च्या दशकात बांधलेल्या इमारतीतला एक फ्लॅट आहे. बैठकीची खोली २२ चौरस मीटर, झोपण्याच्या दोन खोल्या १२ आणि ९, स्वयंपाकघर ७, न्हाणीघर ४. म्हणजे ५४ गुण. तळमजल्यावर सायकली ठेवायची सहा चौरस मीटरची खोली. अशा जागेला पाऊण दराने गुण मिळतात, म्हणून साडेचार. पाच खोल्या गरम होतात, त्याचे १०. ओटा १.८ मीटर, त्याचे ४. संडास, बेसिन आणि शॉवर मिळून ८. पाच चौरस मीटरच्या बाल्कनीचे पावणेचार. झाले सव्वाचौऱ्याऐंशी. हाच ओटा आणखी वीस सेंटिमीटर लांब असता तर तीन गुण वाढले असते. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे एका गुणाची किंमत महिन्याला साधारण सहा ते साडेसहा युरो पडते, तेव्हा ओट्याच्या त्या वितीचं भाडं महिन्याला अठरा-वीस युरो.

या बेरजेत आणखी दोन मोठ्या गोष्टी मिळवायच्या असतात. पहिली, घराचं ऊर्जा-लेबल. ऊब धरून ठेवणाऱ्या उत्तम घराला पन्नासच्या वर गुण मिळू शकतात, आणि ज्या घराच्या भिंतींतून ऊब गळते त्याचे नव्या नियमांत गुण वजा होतात. मालकाने भिंतींत रॉकवूल भरलं, खिडक्यांना दुहेरी काच लावली, तर त्याला जास्त भाडं मिळतं आणि भाडेकरूचं गॅसचं बिल उतरतं. मला या कलमाचं फार कौतुक वाटतं, कारण हिवाळ्यात घर गार पडण्याचा त्रास नेहमी भाडेकरूच्या वाट्याला येतो आणि घर उबदार करायचा निर्णय नेहमी मालकाच्या हातात असतो. या दोघांना एका धाग्यात बांधणं सोपं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पालिकेने दर वर्षी काढलेलं घराचं बाजारमूल्य. तक्त्यात बाजाराला जागा मिळते ती इथे. अ‍ॅमस्टरडॅममधल्या आणि पूर्वेकडच्या एखाद्या शहरातल्या तंतोतंत सारख्या दोन फ्लॅटना वेगळे गुण पडतात ते यामुळेच. म्हणून हा हिशेब समजून घ्यायचा तर राजधानी सोडून मधल्या आकाराच्या शहरात जावं. तिथे बाजारमूल्य इतकं चढलेलं नसतं, आणि ओटा, खोल्या, खिडक्या यांच्याच मोजणीने घराचं भाडं ठरताना दिसतं.

असं एक शहर म्हणजे एन्स्खेडे. देशाच्या पूर्व टोकाला, जर्मनीच्या सीमेला जवळजवळ खेटून, ट्वेंटे या भागात वसलेलं, सुमारे १ लाख ६० हजार वस्तीचं. हे गिरण्यांचं गाव. ७ मे १८६२ ला लागलेल्या आगीत जवळजवळ सगळं गाव जळून गेलं. नंतर जे उभं राहिलं ते वाफेवर चालणाऱ्या कापड गिरण्यांभोवती. फान हेक, यानिंक, ब्लायडेनस्टाइन ही इथली गिरणीमालकांची घराणी. इथलं कापड डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, जाऊन विकलं जाई. खेड्यापाड्यांतून माणसं गिरणीत कामाला आली, आणि आल्याबरोबर प्रश्न उभा राहिला: राहायचं कुठे? परळ-लालबागच्या वाचकाला ही गोष्ट पुढे सांगायची गरज नाही. कोंदट खोल्या, सामायिक संडास, रोगराई सगळीकडे एकसारखीच होती.

याला उत्तर म्हणून १९०१ मध्ये नेदरलँड्सच्या संसदेने घरांविषयीचा कायदा केला, वोनिंगवेट. राहायला अयोग्य घर पालिका बंद करू शकेल, नव्या घराला उजेड, हवा, पाणी किती हवं ते ठरवू शकेल, हे त्यात होतं. पण दूरगामी ठरलं ते दुसरंच कलम: फक्त लोकांच्या घरांसाठी काम करणाऱ्या, नफा वाटून न घेणाऱ्या संस्थांना सरकार मान्यता देईल आणि कर्जही देईल. हा कायदा आला आणि देशभर गृहसंस्था निघाल्या. एन्स्खेडेत डे फोल्क्सवोनिंग या संस्थेने १९१४ ते १९२८ या काळात वास्तुकार द वाइस यांच्याकडून पाथमॉस नावाची वस्ती बांधून घेतली. गिरणी कामगारांसाठी सुमारे १,२०० घरं, आणि वस्तीची ठेवण एखाद्या खेड्यासारखी. वळणदार रस्ते, लाल कौलं, प्रत्येक घरामागे बागेचा तुकडा. पाथमॉस आजही आहे, त्यात लोक राहतात. जुन्या यानिंक गिरणीतही आता घरं आहेत. जिथे चात्या फिरायच्या तिथे लोकांच्या झोपायच्या खोल्या आहेत.

भाड्यावर लगाम आणखी एका निमित्ताने आला. पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ होतं, तरी बांधकामाचा माल मिळेना, घरं अपुरी पडली, भाडी भडकली. १९१७ मध्ये तिथे भाडे-समित्या नेमणारा कायदा झाला. त्याच युद्धाच्या झळा मुंबईला लागल्या होत्या आणि १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातही युद्धकाळासाठी भाडेनियंत्रण कायदा आला. एका वर्षाच्या अंतराने, हजारो मैलांवरच्या दोन ठिकाणी, एकाच कारणाने. पुढे वाटा फुटल्या. मुंबईत १९४७ च्या कायद्याने सप्टेंबर १९४० ची भाडी आधाराला धरली आणि ती जवळपास तिथेच थिजली. पगडी, मोडकळीला आलेल्या चाळी, दुरुस्तीवरून वर्षानुवर्षांचे खटले हे त्यातून पुढे आलं. डचांनी आकडा गोठवला नाही. त्यांनी हिशेबाची रीत ठरवली. घर सुधारलं की गुण वाढतात, बिघडलं की घटतात आणि भाडेवाढीची कमाल मर्यादा सरकार दर वर्षी नव्याने जाहीर करतं. गृहसंस्थांच्या घरांची भाडी साधारणपणे १ जुलैला बदलतात. या दोन रीतींतला फरक मुंबईच्या चाळींत वाढलेल्या कुणालाही भिंतीच्या पोपड्यांवरून कळेल.

हिशेब पटला नाही तर जायचं कुठे, याचीही सोय आहे. ह्यूरकोमिसी नावाची भाडे-समिती आजही आहे. भाडेकरूने २५ युरो भरायचे आणि तक्रार करायची. तक्रार खरी ठरली तर ते पैसे परत मिळतात. समितीचा माणूस टेप घेऊन घरी येतो, खोल्या मोजतो, ओटा मोजतो, भिंतीवरची ओल बघतो. मग तिघांसमोर सुनावणी होते: एक अध्यक्ष, एक भाडेकरू-संघटनांनी सुचवलेला सदस्य, एक घरमालकांच्या संघटनांनी सुचवलेला. वकील लागत नाही. त्यांचा निकाल दोघांवरही बंधनकारक असतो. मान्य नसेल तर आठ आठवड्यांत न्यायालयात जावं लागतं.

या समितीचे अधिकार वाचून मी खरोखर थक्क होते. छप्पर गळतंय, ओल चढलीय, हीटर बंद आहे आणि मालक कळवूनही दुरुस्त करत नाही, तर दोष किती गंभीर आहे ते बघून समिती भाडं तात्पुरतं ४०, ३० किंवा २० टक्क्यांवर आणते. दुरुस्ती होईपर्यंत तेवढंच द्यायचं. मालकाने करारात ‘सगळं धरून इतके’ असा एकच आकडा लिहिला आणि घराचं भाडं किती, वीज-पाणी-साफसफाईचे किती हे फोडून सांगितलं नाही, तर समिती स्वतःच ते फोडते: त्या आकड्याच्या ५५ टक्के हे घराचं भाडं धरते आणि २५ टक्के इतर खर्चाची आगाऊ रक्कम. उरलेले २० टक्के मालकाच्या हातून जातात. हिशेब झाकून ठेवण्याचा हा दंडच म्हणायचा.

बरीच वर्षं हा सगळा हिशेब फक्त कमी गुणांच्या घरांना लागू होता. त्यावरची घरं खुल्या बाजारात होती आणि तिथे मालक मागेल ते भाडं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला आणि मधल्या घरांनाही ही मोजणी बंधनकारक झाली. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे १४३ गुणांपर्यंतच्या घराला महिन्याला जास्तीत जास्त ९००.०७ युरो, १८६ गुणांपर्यंत १,१८४.८२ युरो. १८७ गुणांपासून पुढे बाजार मोकळा. २०२५ च्या सुरुवातीपासून तर नव्या करारासोबत गुणांची मोजणी जोडणं मालकावर बंधनकारक आहे, आणि नियम मोडणाऱ्या मालकाला पालिका दंड करू शकते.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मग घर मिळणं सोपं असेल. ते सोपं नाही. गुणपत्रिका भाडं ठरवते, घरं वाढवत नाही. देशात सुमारे ४ लाख घरं कमी आहेत. गृहसंस्थांकडे सुमारे २३ लाख घरं आहेत, म्हणजे देशातल्या दर दहा घरांतली जवळजवळ तीन. युरोपीय संघात एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्या देशात नाही. एन्स्खेडेत डोमाइन, डे वोनप्लाट्स आणि ओन्स हाउस या तीन मोठ्या संस्था आहेत. पण त्यांच्या घरासाठी उत्पन्न मर्यादेच्या आत लागतं आणि नाव नोंदवून थांबावं लागतं. नोंदणीला किती काळ झाला यावर रांगेतली जागा ठरते आणि तो काळ वर्षांत मोजला जातो. डच आईबाप मुलांना अठरा वर्षं पूर्ण झाली की लगेच नाव नोंदवायला सांगतात ते यासाठीच.

रांग लांबायला सरकारही जबाबदार आहे. २०१३ ते २०२२ या काळात स्वस्त भाड्याची घरं बाळगणाऱ्या संस्थांवर सरकारने एक खास कर लावला होता. ज्या संस्थांनी बांधायचं, त्यांच्याच तिजोरीतून पैसे काढून घेतले गेले. २०२३ मध्ये तो रद्द झाला, पण न बांधलेली घरं मागे जाऊन बांधता येत नाहीत. आणि २०२४ च्या कायद्यानंतर काही खासगी मालकांनी भाडेकरू निघून जाताच घरं विकायला काढली. भाड्यात परवडत नाही, विकलं तर एकरकमी पैसे येतात, असा त्यांचा हिशेब. त्यामुळे जो आत आहे त्याला कायद्याने मोठी सावली दिली, आणि जो दाराबाहेर उभा आहे त्याच्यासाठी दारं थोडी कमी झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मला विचाराल तर दोष मोजणीचा नाही, बांधणीचा आहे. पण घर शोधत फिरणाऱ्याला हा भेद सांगून काय उपयोग?

एन्स्खेडेत घर शोधत फिरणाऱ्यांत भारतीयही आहेत, आणि त्याला जुना इतिहास आहे. गिरण्यांना उतरती कळा लागली त्याच सुमाराला, १९६१ मध्ये, तिथे तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली. तेच आजचं ट्वेंटे विद्यापीठ. विद्यार्थ्यांनी आवारातच राहावं अशा कल्पनेने वसवलेलं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. १९७१ मध्ये डेल्फ्टहून आयटीसी ही संस्थाही एन्स्खेडेला आली. हवाई छायाचित्रांवरून आणि पुढे उपग्रहचित्रांवरून जमीन वाचायला शिकवणारी ही संस्था २०१० पासून विद्यापीठाचाच भाग आहे. डेहराडूनची आपली दूरसंवेदन संस्था १९६६ मध्ये सुरू झाली ती डच सरकारच्या मदतीने आणि आयटीसीच्याच धर्तीवर. १९५७ मध्ये नेहरू नेदरलँड्सला गेले होते तेव्हा ती कल्पना निघाली होती. भारतातून तिकडे शिकायला जाणाऱ्यांची वाट त्यामुळे फार पूर्वीपासून रुळलेली आहे.

असा विद्यार्थी आला की त्याला स्वतंत्र घर क्वचितच मिळतं. मिळते ती खोली: चार-सहा किंवा दहाजणांच्या घरात एक, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामायिक. अशा खोल्यांना गुणांचा वेगळा तक्ता आहे. सामायिक स्वयंपाकघराचे गुण वापरणाऱ्यांत वाटले जातात. पण खोली कुणाला द्यायची हे बऱ्याचदा मालक ठरवत नाहीत, आधीपासून राहणारी मुलं ठरवतात. एका संध्याकाळी ती पाच-दहा उमेदवारांना एकत्र बोलावतात, सोफ्यावर बसवतात, चहा किंवा बिअर देतात, आणि गप्पा मारतात. काय शिकतोस, जेवण एकत्र करायला आवडतं का, भांडी किती दिवस पडू देशील? मग उमेदवार निघून जातात, घरातली मुलं आपसांत बोलतात आणि रात्री उशिरा एकाला निरोप जातो. याला हॉस्पिटेरन म्हणतात.

ज्यांच्याबरोबर रोज एकाच फ्रिजमध्ये डबे ठेवायचे त्यांनी एकमेकांना निवडावं, हे समजण्यासारखं आहे. पण नव्या देशात येऊन आठवडाही झाला नाही, भाषा येत नाही, विनोद कळत नाहीत, आणि अर्ध्या तासात अनोळखी दहाजणांना आपण हवेहवेसे वाटायचं, हे फार अवघड आहे. काही जाहिरातींत तर परदेशी नको असं आधीच लिहिलेलं असतं. २०२३ च्या कायद्याने मालकांना आणि दलालांना निवडीचे निकष उघड सांगायला लावले आणि भेदभावाला मनाई केली. सोफ्यावरच्या गप्पांपर्यंत मात्र कायद्याचा हात सहज पोहोचत नाही. कित्येक जण मग सीमा ओलांडून जर्मनीतल्या ग्रोनाऊमध्ये खोली घेतात. एन्स्खेडेहून तिकडे रेल्वे जाते आणि ती थोड्याच मिनिटांत पोहोचते. एका देशात शिकायचं आणि दुसऱ्यात झोपायचं, हे तिथल्या लोकांना अंगवळणी पडलेलं आहे.

कुणी रिकाम्या इमारतींची राखण करत राहतात. शाळा बंद पडली, कार्यालय रिकामं झालं की मालकाला भीती असते ती कुणी घुसून राहील याची. घुसून राहणं १ ऑक्टोबर २०१० पासून गुन्हा आहे, पण त्याच्या आधीपासून एक तोड निघाली होती: माणसांना अगदी थोड्या पैशांत तिथे राहू द्यायचं, म्हणजे इमारत रिकामी राहत नाही. वर्गखोलीत पलंग, फळ्याखाली कपड्यांची पेटी. जागा भरपूर, हक्क जवळजवळ काहीच नाहीत. सांगितलं की थोड्याच आठवड्यांत बाहेर पडायचं.

घर मिळालं, की त्याचा पत्ता ही पहिली गरज. चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्या माणसाने देशात आल्यापासून पाच दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो. त्या नोंदणीतून बीएसएन हा नागरी क्रमांक मिळतो, आणि त्याच्यावाचून पगार, बँक, आरोग्यविमा सगळं अडतं. म्हणून ‘इथे नाव नोंदवता येणार नाही’ अशी अट घालणाऱ्या घरापासून चार हात दूर राहावं. मालक बहुधा काहीतरी लपवत असतो: घरात परवानगीपेक्षा जास्त माणसं असतील, किंवा ज्याच्या नावावर घर आहे त्याने ते परस्पर दुसऱ्याला दिलेलं असेल. घर बघितल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, हे तर प्रत्येक नव्या माणसाला कुणीतरी सांगायलाच हवं. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक परदेशात, किल्ली कुरिअरने, ही फसवणुकीची नेहमीची रीत. बाकी अनामत रक्कम जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढीच घेता येते. आणि दलाल मालकासाठी काम करत असेल तर त्याला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

किल्ली हातात येते आणि दार उघडतं, तेव्हा भारतातून गेलेल्या माणसाला सगळ्यांत मोठा धक्का बसतो. गृहसंस्थांची घरं बहुतेक वेळा कोरी मिळतात. कोरी म्हणजे पायाखाली फरशी नसते, नुसतं सिमेंट. छतातून दोन वायरी लोंबत असतात, दिवा नसतो. खिडक्यांना पडदे नसतात, पडद्याचा दांडाही नसतो. आधीचा भाडेकरू स्वतः बसवलेलं लाकडी लॅमिनेट उचलून घेऊन गेलेला असतो, कारण ते त्याचं होतं. घर म्हणजे भिंती, छप्पर, खिडक्या, नळ आणि हीटर. चालायची जमीन भाडेकरूने आणायची. कधी कधी जाणारा आणि येणारा आपसांत ठरवतात, थोडे पैसे द्यायचे आणि फरशी, पडदे आहेत तिथेच ठेवायचे. ते जमलं नाही तर पहिला आठवडा हातात करवत घेऊन गुडघ्यांवर बसण्यात जातो. माझ्या डोळ्यांना हे सुरुवातीला उधळपट्टी वाटली: चांगली फरशी उखडायची आणि नवी घालायची! पण याला दुसरी बाजू आहे. ज्याने स्वतःच्या हाताने जमीन घातली, भिंतींना रंग दिला, तो त्या घरात वीस-तीस वर्षं राहायच्या तयारीने आलेला असतो. आणि कायदाही त्याला तसं राहू देतो: १ जुलै २०२४ पासून काही अपवाद वगळता नवा करार कायमचाच करावा लागतो. मालकाला घर हवं असेल तर कायद्यात लिहिलेलं कारण लागतं आणि तीन ते सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते.

किरकोळ दुरुस्ती कोणाची, याचीही यादी २००३ च्या एका आदेशात आहे. आतला रंग, दिवे, तुंबलेलं बेसिन, बागेची निगा भाडेकरूची. छप्पर, बॉयलर, खिडक्यांच्या चौकटी मालकाच्या. उत्पन्न कमी असेल तर भाड्याचा काही भाग सरकार देतं. साधारण २० तारखेला, पुढच्या महिन्यासाठी आगाऊ, ते पैसे थेट भाडेकरूच्या खात्यात जमा होतात. एकत्र राहणाऱ्यांच्या खोल्यांना ही मदत सहसा मिळत नाही, स्वतःचं दार, स्वयंपाकघर आणि संडास असलेल्या घराला मिळते. एका लहानशा स्टुडिओसाठी एवढी झुंबड का असते, ते यावरून समजेल.

भाडेकरू तिथे अर्धा नागरिक मानला जात नाही. १३ मे २००० ला एन्स्खेडेत फटाक्यांच्या गोदामात स्फोट झाला. २३ माणसं गेली, रोमबेक भागातली शेकडो घरं नाहीशी झाली. हा गिरणी कामगारांचा जुना भाग, आणि तिथे भाड्याने राहणारे खूप होते. वास्तुकार पी द ब्रॉइन यांनी नव्या रोमबेकचा आराखडा केला तो रहिवाशांशी बोलून, आणि ज्यांना परत यायचं होतं त्यांना परत येता येईल हे त्यात धरलं होतं. जमीन कुणाच्या नावावर आहे एवढंच बघून आराखडा झाला असता तर तिथले अनेक लोक मोजणीतच आले नसते.

आणखी एक गोष्ट. भाडेकरूला जलमंडळाचा करही भरावा लागतो. एन्स्खेडेचं पाणी सांभाळणारं मंडळ फेख्टस्ट्रोमन नावाचं. कालवे, ओढे, सांडपाणी त्याच्याकडे. अशी जलमंडळं त्या देशात मध्ययुगापासून आहेत आणि त्यांच्या सभासदांची निवडणूक होते. पालिकेच्या निवडणुकीत युरोपीय संघाबाहेरून आलेल्या माणसाला पाच वर्षं कायदेशीर राहिल्यावर मत देता येतं. जलमंडळाला पाच वर्षं लागत नाहीत. अठरा वर्षं पूर्ण असलेला, तिथे कायदेशीर राहणारा आणि पालिकेत पत्ता नोंदवलेला माणूस, मग तो गेल्याच वर्षी नाशिकहून आलेला का असेना, मत देऊ शकतो. पाणी वाढलं तर ते आधी पासपोर्ट बघत नाही.

घर सोडताना भाडेकरूला एका महिन्याची सूचना पुरते, कारण द्यावं लागत नाही. मग संस्थेचा माणूस घर बघायला येतो, सोबत यादी असते: ही खिळ्यांची भोकं बुजवा, ही जांभळी भिंत पांढरी करा, हे लॅमिनेट काढा किंवा पुढच्या माणसाशी बोलून घ्या. शेवटच्या दिवशी पुन्हा पाहणी, वीज-गॅसच्या मीटरची नोंद, किल्ल्यांची मोजणी. अनामत रक्कम चौदा दिवसांत परत यायला हवी. मालकाला त्यातून काही कापायचं असेल तर तीस दिवसांत, कशाचे किती ते लिहून. त्याच देशात दुसरीकडे जात असाल तर पाच दिवसांच्या आत नव्या पालिकेत पत्ता कळवायचा, आणि देशच सोडत असाल तर निघण्याआधीच्या पाच दिवसांत जुन्या पालिकेत नाव काढायचं. बीएसएन क्रमांक तेवढा जन्मभर तोच राहतो. दहा वर्षांनी परत आलात तरी तोच.